युरोपला जोडून मोरोक्को: तीन-चार रात्रींसाठी जावं का?

गोधडी | ६ जानेवारी, रात्री १०:४०

मंडळी, घरात वाद पेटलाय. निवाडा करा.

३ मे ते २० मे. माणसं चार: मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात, अंडंसुद्धा खात नाहीत). मुंबई–पॅरिस आणि लिस्बन–मुंबई ही तिकिटं काढून झाली आहेत, आखातातून. मधला आराखडा असा: पॅरिस ४ रात्री, मग बार्सिलोना, ग्रॅनाडा, सेव्हिल आणि लिस्बन प्रत्येकी ३.

सगळं सुरळीत चाललं होतं. परवा नवऱ्याने नकाशा मोठा करून बघितला आणि त्याला शोध लागला की स्पेनच्या टोकापासून आफ्रिका फक्त १४ किलोमीटरवर आहे. तेव्हापासून "एवढ्या लांब जातोच आहोत तर..." हे दिवसातून चारदा ऐकते आहे. त्याच्या डोक्यात मराकेश, सहारात उंटावरून सूर्यास्त, ते निळं गाव आणि फेझ, असं सगळं ३ रात्रींत बसलंय. बार्सिलोना कापू म्हणतो. माझं म्हणणं, तीन रात्रींसाठी नवा व्हिसा, नवं चलन, नवी भाषा कशाला? लेकाला कुठेही चालतं, फक्त वायफाय हवं. सासूबाई म्हणतात, "तुम्ही ठरवा, मी येते," आणि याचा अर्थ काय ते इथल्या सुनांना सांगायला नको.

शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या व्हिसाचा) अर्ज अजून केलेला नाही. जाऊन आलेल्यांनी खरं खरं सांगा.

अटकेपार | ६ जानेवारी, रात्री ११:१५

मराकेश की फेझ हे नंतर. आधी व्हिसा, कारण निम्म्या लोकांची गाडी तिथेच रुळावरून घसरते.

मोरोक्को शेंगेनमध्ये नाही. म्हणजे सेव्हिलहून तिकडे गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि लिस्बनला उतरताना पुन्हा आत येणार. त्यासाठी व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात 'मल्टी' असायला हवं. तिथे '०१' असेल तर लिस्बनचं विमानच तुम्हाला चढवून घेणार नाही. अर्जात मल्टिपलची खूण करा, सोबतच्या पत्रात मोरोक्कोच्या तारखा, तिथलं हॉटेल, येण्याजाण्याचं तिकीट, सगळं जोडा. नुसतं "जमल्यास जाऊ" लिहिलंत तर देणारा कशाला देईल?

दुसरं, अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे करायचा असतो. बार्सिलोना कापलंत तर स्पेनच्या ६ रात्री उरतात, पॅरिसच्या ४. अजून स्पेनच पुढे आहे, पण उद्या आणखी काटछाट केलीत तर हे गणित पुन्हा मांडा.

तिसरं, शेंगेन असलं तरी भारतीय पासपोर्टला मोरोक्कोचा वेगळा व्हिसा लागतोच. तो ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो, एका प्रवेशाचा, जास्तीत जास्त ३० दिवसांचा. हे काम सोपं आहे. अवघड आहे तो 'मल्टी' शब्द.

शेवग्याची शेंग | ७ जानेवारी, सकाळी ७:५०

गोधडी, डोळे मिटून जा! आम्ही दोघी मैत्रिणी माद्रिदहून विमानाने मराकेशला गेलो होतो, चार रात्री. संध्याकाळी जमा अल्-फ्नाच्या चौकात गच्चीवर पुदिन्याचा चहा घेऊन बसायचं. सूर्य कुतुबिया मशिदीच्या मिनारामागे उतरतो, खाली शेकडो शेगड्या पेटतात, धूर वर येतो, कुठे ढोल, कुठे गोष्ट सांगणारा, त्याच्याभोवती कोंडाळं. युरोपात दहा दिवस चर्चेस बघून डोळे थकलेले असतात, तिथे एकदम जाग येते.

आणि रियाद, म्हणजे जुन्या वाड्यातलं हॉटेल! बाहेरून नुसती भिंत आणि एक बुटका दरवाजा. आत गेलात की मधोमध चौक, त्यात संत्र्याचं झाड, कारंजं, चारही बाजूंनी खोल्या. आपला चौसोपी वाडाच, फक्त फरशीच्या जागी रंगीत टाइल्स. सासूबाई खूश होतील.

अटकेपार | ७ जानेवारी, सकाळी ९:०५

शेंगताईंचं वर्णन शंभर टक्के खरं आहे. पण त्यांनी चार रात्री एकाच शहरात काढल्या हे लक्षात घ्या. गोधडीच्या यजमानांना त्याच्याहून कमी रात्रींत चार गोष्टी हव्यात.

त्यांना हे वाचून दाखवा. उंट, वाळूच्या टेकड्या, तंबू वगैरे जे फोटोत दिसतं ते बहुतेक मर्झुगाजवळचं एर्ग शेबी. मराकेशहून साडेपाचशे किलोमीटरच्या वर. मध्ये अ‍ॅटलास पर्वत आणि २,२६० मीटर उंचीचा तिझी न् तिश्का घाट. गाडीने नऊ-दहा तास, एका बाजूचे. म्हणून त्या सहली तीन दिवसांच्या असतात, आणि त्यातले दोन दिवस खिडकीतून बघण्यातच जातात. वाटेत आयत बेनहद्दूचा मातीचा किल्ला आहे, तो सुंदर आहे, पण गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला दहा तास व्हॅनमध्ये बसवून मग उंटावर चढवायचं? उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो. बसणारा थेट नाकावर पडतो की काय असं वाटतं. मी पन्नाशीत होतो, तरी कंबर आठवडाभर बोलत होती.

फेझ मराकेशपासून ट्रेनने सहा तासांहून जास्त. निळं गाव, म्हणजे शेफशावेन, त्याहून उत्तरेला, तिथे रेल्वेच नाही. तीन रात्रींत मोरोक्को होत नाही. एक शहर होतं, फार तर जवळजवळची दोन.

गोधडी | ७ जानेवारी, दुपारी १:२०

वाचून दाखवलं. चेहरा पडला. पण हार मानलेली नाही, आता 'अगाफे'चं वाळवंट शोधून काढलंय, मराकेशहून तासाभरात पोचतं म्हणे. ते कसं?

अटकेपार | ७ जानेवारी, दुपारी १:३२

छान आहे, पण ते खडकाळ माळरान आहे. वाळूच्या लाटा नाहीत. तारे, जेवण, शेकोटी यासाठी जा. सहारा म्हणून गेलात तर उन्हाळ्यातला माणदेश बघायला एवढे पैसे का मोजले असं वाटेल.

मिरगाचा पाऊस | ७ जानेवारी, रात्री ९:४८

विमानाचं सगळ्यांनी सांगितलं, बोटीचं मी सांगतो. कारण 'चौदा किलोमीटर' या आकड्याने मीही फसलो होतो.

स्पेनच्या टोकावरच्या तारिफाहून मोरोक्कोतल्या टँजियर शहराच्या बंदरात जाणारी जलद बोट आहे. तासभर लागतो. सकाळी जाऊन जेवणाच्या वेळेला मदिन्यात (म्हणजे तिथल्या जुन्या गावभागात), असा माझा हिशोब. तारिफाला पोचलो तेव्हा बसमधून उतरल्याबरोबर टोपी उडून गेली. पूर्वेकडून तो 'लेव्हान्ते' नावाचा वारा सुटला की सामुद्रधुनीच्या फनेलमधून असा येतो की उभं राहवत नाही. जगभरचे लोक तिथे विंडसर्फिंगला येतात, ते उगीच नाही. खिडकीवर पाटी: आजच्या सगळ्या फेऱ्या रद्द. मग बसने अल्जेसिरास, तिथून मोठं जहाज, आणि ते लागतं टँजियर मेड बंदराला, जे शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे. पुढे टॅक्सी. रियादवर पोचलो रात्री सव्वादहाला. भरलेल्या दोन रात्रींपैकी एक गेली.

दुसरी फजिती माझ्याच मूर्खपणाची. मोरोक्कोच्या प्रवेशाचा शिक्का आमच्या वेळी बोटीवरच मारत होते. एक छोटं टेबल, एक अधिकारी, पुढे ही लांब रांग. मी म्हटलं, रांग कमी झाली की जाऊ, आणि डेकवर जिब्राल्टरचे फोटो काढत बसलो. परत आलो तर टेबल रिकामं. खाली उतरल्यावर मला बाजूला उभं केलं, पासपोर्ट घेऊन एक जण गेला तो पाऊण तासाने उगवला. ई-व्हिसाची छापील प्रत हातात होती म्हणून निभावलं. तर बोटीत पाय ठेवला की आधी रांग, मग समुद्र.

आणि आता शेंगेनच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणं सुरू झालंय, त्यामुळे स्पेनमधून बाहेर पडायला आणि परत आत यायला थोडा जास्त वेळ धरा.

बोरूबहाद्दर | ७ जानेवारी, रात्री ११:०२

अवांतर, पण राहवत नाही. टँजियरच्या विमानतळाला इब्न बतूताचं नाव आहे. तो तिथलाच, १३०४ सालचा जन्म. विशीत हजला म्हणून घरून निघाला तो भटकत भटकत मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीत काझी होऊन बसला. पुढे दक्षिणेकडे येताना दौलताबादला आणि नंदुरबारला थांबला, आणि तिथल्या मराठी लोकांबद्दल लिहून ठेवलं. म्हणजे टँजियरचा माणूस साडेसहाशेहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याकडे येऊन गेलाय. परतफेडीची भेट बाकी आहे, गोधडीताई.

टँजियरच्या जुन्या गल्लीत त्याची म्हणून एक छोटीशी कबर दाखवतात.

गोधडी | ७ जानेवारी, रात्री ११:२०

बोरूबहाद्दर, हे सासूबाईंना सांगितलं. त्या माहेरच्या नंदुरबारच्या! चाळीस वर्षं मराठी शिकवलं शाळेत. "अगंबाई, हो का?" म्हणाल्या आणि चष्मा शोधायला गेल्या. तुम्ही काय करून ठेवलंत कल्पना आहे का?

बोरूबहाद्दर | ७ जानेवारी, रात्री ११:२४

पापाचा धनी झालो वाटतं.

खारीक | ८ जानेवारी, पहाटे २:१०

मी मालागात राहते, सात वर्षं झाली. (इथे रात्रीचे पावणेदहाच झालेत, पहाटेची वेळ बघून घाबरू नका.) पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला, म्हणून माझं मत घट्ट झालंय.

एका दिवसाची टँजियर सहल करू नका. कितीही स्वस्त असली तरी नाही. पहाटे पाचला बस, बोट, उतरल्यावर उंटासोबत एक फोटो, गालिचाच्या दुकानात दीड तास चहा, मसाल्याच्या दुकानात पाऊण तास, परत बोट. माझे काका त्या सहलीहून परत आले ते दोन किलो आर्गन तेल घेऊन, आणि टँजियर कसं होतं विचारलं तर म्हणाले, "दुकानं बरी होती."

आणि ग्रॅनाडा, सेव्हिल करताच आहात तर मूर लोकांचं (मध्ययुगात स्पेनवर राज्य करणाऱ्या मुसलमानांचं) सगळ्यात देखणं काम तसंही बघणारच आहात. ग्रॅनाडाचा अल्हाम्ब्रा राजवाडा आहे, एक दिवस काढून कॉर्डोबाची मेझ्किता, म्हणजे जुनी मोठी मशीद, करा. १४९२ साली ग्रॅनाडा पडलं, आणि तिथून हाकललेले लोक समुद्र ओलांडून मोरोक्कोत तेतुआन, शेफशावेन, फेझला जाऊन वसले. म्हणजे कथा पुढे तिकडे जाते हे खरं. पण पहिला अर्धा भाग इकडेच आहे आणि त्याला दुसरा व्हिसा लागत नाही. बार्सिलोना कापून मोरोक्को घालणार असाल तर माझी हरकत नाही, कारण बार्सिलोनाला पुन्हा कधीही येता येतं. पण लिस्बन किंवा ग्रॅनाडाला हात लावू नका.

टोपलीभर | ८ जानेवारी, सकाळी ८:३५

शाकाहाराबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

उपाशी मरणार नाही, पण सावध राहावं लागतं. मेनूवर 'भाज्यांचं ताजिन' (झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) लिहिलेलं असतं आणि भाज्या मटणाच्या पाण्यात शिजलेल्या असतात. त्यांच्या मते ते शाकाहारीच, कारण तुकडा काढून ठेवलाय. हरीरा सूपमध्येही बहुतेक ठिकाणी मांस असतं. 'ब्ला ल्-हम' म्हणजे मांसाशिवाय, हे शब्द पाठ करा, आणि रसाही नको हे हातवारे करून सांगा. रियादमध्ये सकाळीच सांगून ठेवलंत तर वेगळ्या भांड्यात करून देतात, हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

निर्धास्त खाण्यासारखं: झालूक, म्हणजे भाजलेल्या वांग्याचं टोमॅटो-लसूण घालून केलेलं, थेट आपल्या भरताची मावसबहीण. बिसारा, सुक्या बाकल्याचं घट्ट वरण, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड (हे शक्यतो साधंच असतं, तरी विचारा). आणि म्सेमेन! चौकोनी, पदर सुटलेली, तव्यावर तेल सोडून भाजलेली. घडीची पोळीच म्हणा. बाई समोर बसून हाताने कणीक ताणते, चार बाजूंनी दुमडते, तव्यावर टाकते. मध लावून खायची. मी पहिल्या सकाळी तीन खाल्ल्या आणि चौथीकडे बघत होते.

निवांत बाप्या | ८ जानेवारी, सकाळी ११:४०

दुसरी बाजूही येऊ द्या. आम्हाला मोरोक्को झेपलं नाही. फेझच्या गल्ल्यांत दर दहा पावलांवर एक पोरगा: "रस्ता बंद आहे, मी दाखवतो." रस्ता बंद नसतोच. मागे गेलात तर चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवर पोचता, हातात पुदिन्याची काडी देतात (खाली कातडी कमावण्याच्या हौदांचा वास असा की पुदिना नाकाला लावूनच उभं राहावं लागतं), आणि मग खरेदी केल्याशिवाय सुटका नाही. धोका कुठेच वाटला नाही, पण सतत 'नको, नको' म्हणून जीव मेटाकुटीला आला. सुट्टीत भांडायला कोण जातं?

शेवग्याची शेंग | ८ जानेवारी, दुपारी १२:१०

बाप्या, आपल्याकडे देवळाबाहेर पेढेवाले कसे मागे लागतात? नजर न देता चालत राहायचं, 'ला, शुक्रन' (नको, आभार) एकदाच म्हणायचं. आणि पहिल्या सकाळी बिल्लाधारी अधिकृत गाइड घ्यायचा. तो बरोबर असला की बाकीचे आपोआप पांगतात. अर्ध्या दिवसाच्या पैशात तीन दिवसांची शांतता.

निवांत बाप्या | ८ जानेवारी, दुपारी १२:२६

पेढेवाला तीन वाक्यांत सोडतो हो.

खारीक | ८ जानेवारी, रात्री ८:१५

सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून एक सुचवते. इथे कोणीच नाव घेतलं नाही त्या शहराचं. रबात.

शेफशावेन डोंगराच्या उतारावर आहे, निळ्या गल्ल्या म्हणजे निळ्या पायऱ्या. फेझचा जुना भागही खाली उतरत जाणारा, आणि उतरलं की चढायचं असतं. मराकेश सपाट, पण गल्लीत मागून मोटरसायकली येतात, सारखं भिंतीला चिकटावं लागतं. रबात राजधानी आहे, रुंद फुटपाथ आहेत, ट्राम आहे, मदिनाही लहान, आणि दुकानदार चक्क हाक मारत नाहीत. पर्यटक त्याला कंटाळवाणं म्हणून सोडून देतात. तोच त्याचा गुण.

आणि मुद्द्याची गोष्ट. सेव्हिलला तुम्ही हिराल्दा बघणार, कॅथेड्रलचा तो उंच मनोरा. तो मुळात मशिदीचा मिनार, अल्मोहाद घराण्याने बाराव्या शतकात बांधलेला. त्याची एक बहीण मराकेशची कुतुबिया, आणि दुसरी रबातचा हसन मनोरा. ११९५ च्या सुमारास त्याच घराण्याच्या याकूब अल्-मन्सूरने तो सुरू केला, ११९९ मध्ये तो वारला आणि काम तिथेच थांबलं. आजही अर्धवट आहे, ४४ मीटरवर कापल्यासारखा, आणि पुढे मशिदीच्या खांबांची शेकडो खुंटं रांगांत उभी. मोरोक्कोत बहुतेक मशिदींत बिगरमुस्लिमांना प्रवेश नसतो (कासाब्लांकाची हसन दुसरी मशीद हा मोठा अपवाद), पण रबातचं हे आवार उघडं आहे, समोरच्या पाचव्या मोहम्मदाच्या समाधीतही जाता येतं. सेव्हिल बघून तीन दिवसांनी तिथे उभं राहिलात तर पुस्तकाचं पुढचं पान उलटल्यासारखं वाटतं.

जायचं कसं? टँजियरहून 'अल् बोराक' ही वेगवान गाडी, नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, ताशी ३२० किलोमीटरपर्यंत जाते. टँजियर–रबात सव्वा-दीड तास, कासाब्लांकापर्यंत दोन तास दहा मिनिटं. तुमच्या लेकाला तेवढंच कारण पुरेल. युरोपातला रेल्वे पास तिथे चालत नाही, वेगळं तिकीट काढायचं, आणि ते स्वस्त आहे.

अटकेपार | ८ जानेवारी, रात्री ८:४०

खारीक, दंडवत. मी दोनदा जाऊनही रबातला फक्त गाडीच्या खिडकीतून बघितलंय. माझंच चुकलं.

गोधडी, यातून सरळ रस्ता निघतो: सेव्हिल–तारिफा बसने, बोटीने टँजियर (१ रात्र), गाडीने रबात (२ रात्री), मग कासाब्लांकाहून विमानाने लिस्बन. मागे फिरणं नाही. बोटीच्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका, लेव्हान्तेसाठी तो दिवस मोकळा ठेवा.

गोधडी | १० जानेवारी, रात्री १०:०५

निर्णय झाला. बार्सिलोना आऊट. टँजियर १, रबात २. सहारा पुढच्या जन्मी, असं नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. सासूबाईंना म्हटलं होतं, तुम्ही नको म्हणालात तर नाही जायचं. त्या म्हणाल्या, "तो इतक्या लांबून नंदुरबारला आला, आपण तासाभराच्या बोटीला घाबरायचं?"

अर्ज उद्या भरते, मोरोक्कोच्या तारखांसकट.

टोपलीभर | १० जानेवारी, रात्री १०:३०

सासूबाई जिंकल्या.

मिरगाचा पाऊस | ११ जानेवारी, सकाळी ७:२०

किरकोळ पण उपयोगी: स्पेनमध्ये घेतलेलं सिम मोरोक्कोत युरोपसारखं चालत नाही. तारिफाच्या किनाऱ्यावर तर फोन आपणहून पलीकडचं नेटवर्क पकडतो आणि बिल वाढतं, रोमिंग बंद ठेवा. ड्रोन असेल तर घरीच ठेवा, तिथे बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. प्रवास विमा फक्त शेंगेनपुरता आहे का ते बघा. घड्याळ: मे महिन्यात मोरोक्को स्पेनच्या एक तास मागे. तिकडून निघताना पोर्तुगालची वेळ मात्र तीच असते, गोंधळू नका.

दिरहम भारतात शोधत बसू नका, युरो न्या आणि तिथे बदला किंवा एटीएममधून काढा. एका युरोला साधारण दहा-अकरा दिरहम. देशाबाहेर २,००० पेक्षा जास्त नेता येत नाहीत आणि बाहेर कोणी घेतही नाही, म्हणून थोडे थोडेच काढा. शहरातल्या छोट्या टॅक्सीला 'पती टॅक्सी' म्हणतात, मीटर लावायला सांगा. गावाबाहेर जाणारी मोठी 'ग्राँ टॅक्सी' सीटवर भरते, सहा जण झाले की सुटते. आपलं वडाप.

गोधडी | १९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५५

धागा वर काढते आहे. व्हिसा आले.

सासूबाई: मल्टी. मुलगा: मल्टी. मी: मल्टी.

नवरा: ०१.

एकच अर्ज, एकच पत्र, तीच तिकिटं. ज्याने हा उद्योग सुरू केला त्याच्याच पासपोर्टवर एक प्रवेश. तो पाकीट हातात धरून दहा मिनिटं काहीच बोलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही तिघं जाऊन येतो, तू लिस्बनला थांब."

शेवग्याची शेंग | १९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०१

हसू नये पण हसले. माफ करा.

अटकेपार | १९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

रडू नका, क्रम उलटा करा. पॅरिसहून आधी लिस्बन, मग सेव्हिल, ग्रॅनाडा, तिथून तारिफा, टँजियर, रबात, आणि कासाब्लांकाहूनच घरी. शेंगेनमध्ये परत यायचंच नाही, मग ०१ चालतो. परतीचं तिकीट लिस्बनऐवजी कासाब्लांकाहून करून घ्या, बदलाचे पैसे लागतील. आखातातूनच या. युरोपात विमान बदलत असाल तर ट्रान्झिटची भानगड मागे लागेल. आणि तारिफाच्या आधी एक रात्र तिथेच काढा, ग्रॅनाडाहून त्याच दिवशी बोट गाठायला जाऊ नका.

खारीक | १९ फेब्रुवारी, रात्री ११:४५

एक तोटा आहे. सेव्हिल आणि रबातमध्ये आता ग्रॅनाडा येतं. पण अल्हाम्ब्राहून थेट समुद्र ओलांडणं हा इतिहासाचाच क्रम झाला, त्यामुळे चालेल.

गोधडी | २० फेब्रुवारी, दुपारी २:१५

केलं. तिकीट बदललं. किती पैसे लागले ते इथे लिहीत नाही, ते नवऱ्याच्या नव्या कॅमेऱ्याच्या पैशांतून गेले एवढंच सांगते.

गोधडी | २८ मे, रात्री ९:३०

परत आलो. सविस्तर लिहायला वेळ लागेल, तोवर थोडक्यात.

लेव्हान्ते नव्हता. बोटीवर चढल्याबरोबर मिरगाचा पाऊस यांची आठवण काढून रांगेत उभे राहिलो. टँजियरला बोरूबहाद्दरांनी सांगितलेली इब्न बतूताची कबर शोधली, वर चढून जावं लागलं, अर्धी वाट पती टॅक्सीने. दार बंद होतं. सासूबाई पायरीवर बसल्या, पाच मिनिटं थांबल्या आणि म्हणाल्या, "चला, भेट झाली." 'ब्ला ल्-हम' त्या इतकं ठणकावून म्हणायच्या की रबातच्या हॉटेलातला आचारी स्वतः बाहेर येऊन ताजिनचं झाकण उघडून दाखवायचा.

हसन मनोऱ्यापाशी ऊन उतरल्यावर गेलो. तुटक्या खांबांच्या रांगांमध्ये लेक लपाछपी खेळला, तेरा वर्षांचा घोडा. फाटकावर घोड्यावर बसलेले लाल पोशाखातले शिपाई आहेत, त्यांच्याबरोबर नवऱ्याने जुन्याच कॅमेऱ्याने चाळीस फोटो काढले. निवांत बाप्या, रबातला खरंच कोणीही मागे लागलं नाही. मला तर एका दुपारी थोडं चुकल्यासारखं वाटलं, म्हणजे मराकेशला जायला हवं होतं का असं. तीन रात्री कमीच पडतात, हे मान्य.

टोपलीभर, म्सेमेन तव्यावर नीट जमत नाही, पदर सुटत नाहीत. कणीक मऊ भिजवायची की तेल जास्त लागतं?

आणि १४० दिरहम उरलेत. दिवाळीच्या सुट्टीत कोणी तिकडे जाणार असेल तर विपु (विचारपूस) करा, चहापाण्याचे होतील.